बुशवेल्ड जर्बिल : आफ्रिकी सवानातल्या रानउंदराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आफ्रिकेच्या सफारीहून परतलेली मंडळी, प्राणिशास्त्राचे विद्यार्थी आणि उंदरांनी बेजार झालेले शेतकरी या तिघांनाही जर्बिलाबद्दल वेगवेगळ्या कारणांनी प्रश्न पडतात. त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान. इथे मुख्यतः आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातल्या एकाच जातीबद्दल, बुशवेल्ड जर्बिलाबद्दल, लिहिलं आहे. गरज पडेल तिथे तिच्या भाऊबंदांचा उल्लेख येईल.

बुशवेल्ड जर्बिल म्हणजे नेमका कोणता प्राणी?

हा एक निशाचर, बिळात राहणारा रानउंदीर. शास्त्रीय नाव गर्बिलिस्कस ल्युकोगॅस्टर. विल्हेल्म पीटर्स या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने १८४० च्या दशकात मोझांबिकमध्ये बरीच वर्षं भटकंती केली. तिथे गोळा केलेल्या नमुन्यांवरून त्याने १८५२ साली या जातीचं वर्णन प्रसिद्ध केलं.

जर्बिलं ही उंदरांच्याच मोठ्या कुळातली एक शाखा आहे. आफ्रिका आणि आशियाच्या कोरड्या, उघड्या प्रदेशांत ती पसरली. बरेच जण त्यांची गल्लत जर्बोआशी करतात. जर्बोआ मागच्या दोन लांबलचक पायांवर कांगारूसारखा उड्या मारत जातो आणि त्याचं कुळच निराळं आहे. जर्बिल साधारणपणे चारही पायांवर धावतं. घाबरलं की मात्र लांब उड्या घेत सुटतं.

ते ओळखायचं कसं?

वजन ७० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे घरातल्या लहान उंदरापेक्षा मोठं आणि माळ्यावरच्या काळ्या उंदरापेक्षा बरंच लहान. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सुमारे २८ सेंटिमीटर, आणि त्यातली निम्म्याहून जास्त लांबी एकट्या शेपटीची.

पाठ तांबूस तपकिरी किंवा पिवळसर तपकिरी, पोट पांढरंशुभ्र. या दोन रंगांमधली सीमा अगदी स्वच्छ असते, पाठीचा रंग पोटाकडे हळूहळू विरत जात नाही. डोळे मोठे, काळेभोर. मागचे पाय पुढच्यांपेक्षा ठळकपणे लांब. शेपटीच्या वरच्या बाजूने एक गडद पट्टा शेवटपर्यंत गेलेला असतो, आणि ओळख पटवायला तोच सगळ्यात उपयोगी. दक्षिण आफ्रिकेच्या उंच पठारावरच्या हायवेल्ड जर्बिलाच्या शेपटीवर असा पट्टा नसतो, उलट तिचं टोक बऱ्याचदा पांढरं असतं.

हातात कवटी आली तर वरचे पुढचे दात बघावेत. प्रत्येक दातावर उभी खाच असते. घरातल्या उंदराचा दात तिथे गुळगुळीत असतो.

ते कुठे सापडतं?

दक्षिण आफ्रिकेचा उत्तर आणि पूर्व भाग, इस्वातिनी, मोझांबिक, झिंबाब्वे, बोत्सवाना, नामिबिया, अंगोला, झांबिया, मलावी, आणि वर टांझानिया व काँगोच्या दक्षिण भागापर्यंत. नकाशावर हा पट्टा प्रचंड दिसतो, पण जमिनीवर उतरल्यावर लक्षात येतं की जर्बिल सगळीकडे नाही. त्याला हवी वाळूची किंवा भुसभुशीत, हलकी जमीन. झाडं-झुडपं विरळ असलेला गवताळ प्रदेश असेल आणि खाली वाळू असेल तर ते बहुधा असतंच. शेजारीच खडकाळ टेकडी किंवा चिकट काळी माती सुरू झाली की ते गायब. कालाहारीच्या वाळूने झाकलेला बोत्सवाना आणि झिंबाब्वेचा पश्चिम भाग म्हणूनच त्याचं हक्काचं घर आहे.

पूर्व आफ्रिकेत, म्हणजे केनिया आणि उत्तर टांझानियात, याच प्रजातीगटातली दुसरी जर्बिलं भेटतात. काळ्या शेपटीचं जर्बिल आणि शेपटीच्या टोकाशी केसांची झालर असलेलं जर्बिल ही त्यातली दोन.

बीळ कसं असतं?

बहुधा झुडपाच्या किंवा गवताच्या ठोंबाच्या बुडाशी. तोंडाशी ताज्या वाळूचा छोटा ढीग असतो, आणि बिळात सध्या कुणी राहतंय की नाही हे त्या ढिगावरूनच कळतं. वाळू ओलसर, गडद आणि भुसभुशीत असेल तर आदल्या रात्री खोदकाम झालेलं आहे. पृष्ठभागावर पापुद्रा धरलेला असेल, वर वाळलेली पानं पडलेली असतील, तोंडात कोळ्याचं जाळं असेल तर ते बीळ ओस पडलेलं आहे. सकाळी उन्हं तिरपी असताना गेलं तर ढिगावर मागच्या पायांचे लांबट ठसे आणि मधोमध शेपटी ओढल्याची रेघही दिसते.

आत बोगद्यांना फाटे फुटलेले असतात, त्यातला एक गवताचा भुगा अंथरलेल्या खोलीकडे जातो. बाहेर पडायला एकाहून जास्त तोंडं असतात. साप एका तोंडातून शिरला तर दुसरीकडून निसटता यावं, एवढाच त्यामागचा हिशोब.

बिळाचा दुसरा फायदा हवामानाचा. दुपारी वरची वाळू पाय भाजेल इतकी तापते, तेव्हा हातभर खाली तापमान जवळपास स्थिर असतं आणि हवेत ओलावा टिकून असतो. लहान प्राण्याच्या शरीरातलं बरंच पाणी श्वासावाटे जातं. ओलसर हवेत दिवस काढला तर ते वाचतं.

बिळं एकमेकांच्या जवळ, विस्कळीत वस्तीसारखी असतात. मात्र मुंगसांच्या टोळीसारखा एकत्र कारभार इथे नसतो.

ते काय खातं? पाणी पितं का?

बिया, गवताचे कोवळे कोंभ, मुळं, आणि कीटक. हंगामाप्रमाणे प्रमाण बदलतं. पावसाळ्यात हिरवं खाणं आणि कीटक भरपूर असतात, कोरड्या महिन्यांत बियांवर भिस्त असते. वाळवी बाहेर पडली की तिच्यावरही ताव मारतात.

पाण्याच्या बाबतीत एक गैरसमज आहे. जर्बिल म्हणजे वाळवंटी प्राणी, त्याला पाणी लागतच नाही, असं सरसकट सांगितलं जातं. नामिबच्या वाळवंटातली जर्बिलं कोरड्या बिया पचवताना शरीरातच तयार होणाऱ्या पाण्यावर आणि अत्यंत घट्ट लघवीवर दिवस काढतात हे खरं. बुशवेल्ड जर्बिल मात्र सवानाचं आहे, तिथे वर्षातून एकदा का होईना, पाऊस होतो. त्याची मूत्रपिंडं काटकसरी आहेत, पण वाळवंटी भाऊबंदांइतकी नाहीत. कोंभ आणि किड्यांमधला ओलावा त्याला लागतो. बऱ्या पावसाच्या वर्षी त्याची संख्या वाढते आणि दुष्काळात कोसळते, त्याचं एक कारण हे.

त्याला खाणारे कोण?

रात्री बाहेर पडणारे जवळपास सगळेच. गव्हाणी घुबड, ठिपकेवाला शृंगी घुबड, काळ्या पाठीचा कोल्हा, जेनेट आणि सर्व्हल हे मांजरासारखे शिकारी प्राणी, रानमांजर. जमिनीवरून पफ अ‍ॅडर आणि नाग.

या सगळ्यांपासून वाचायला जर्बिलाकडे एक विलक्षण हत्यार आहे, ते म्हणजे कान. बाहेरून दिसणारी कानाची पाळी मध्यम आकाराची असते. खरी करामत कवटीच्या आत आहे. मधल्या कानाभोवतीची हाडाची पोकळी जर्बिलांत फुगलेली असते. त्यामुळे खालच्या पट्टीतले आवाज, म्हणजे घुबडाच्या पंखांची फडफड किंवा वाळूवरून सरकणाऱ्या सापाची सळसळ, त्यांना आपल्या कल्पनेपलीकडे स्पष्ट ऐकू येतात. वाळवंटी जातींत ही पोकळी आणखी मोठी असते, कारण तिथे लपायला झुडूपही नसतं. अनेक जातींची जर्बिलं धोक्याच्या वेळी मागचे पाय जमिनीवर आपटतात, आणि ती थाप बिळातल्या इतरांपर्यंत पोचते.

पिल्लं कधी होतात? आयुष्य किती?

वर्षभरात केव्हाही होऊ शकतात, पण जोर पावसाळ्यात. एका वेळी साधारण चार-पाच पिल्लं, जन्मतः उघडी-नागडी आणि डोळे मिटलेली. रानात बहुतेकांचं आयुष्य जेमतेम वर्षाचं.

घुबडाच्या पेलेटचा आणि जर्बिलाचा काय संबंध?

हा प्रश्न विद्यार्थी विचारतात, आणि माझ्या मते या पानावरचा सगळ्यात रंजक विषय हाच आहे.

गव्हाणी घुबड उंदीर चावून खात नाही, जवळजवळ अख्खा गिळतं. मांस पचतं. हाडं, दात आणि केस पचत नाहीत. पोटात त्यांचा घट्ट गोळा होतो आणि काही तासांनी घुबड तो तोंडावाटे बाहेर टाकतं. हाच पेलेट. ताजा असताना तो काळा, चकचकीत, अंगठ्याहून थोडा जाड असतो. वाळला की करडा आणि हलका होतो. कोमट पाण्यात भिजवून चिमट्याने केस बाजूला सारले की आतून कवट्या, जबडे, बरगड्या अशा सुट्या होत येतात की थक्क व्हावं. एका पेलेटमध्ये दोन-तीन प्राण्यांचे अवशेष सहज मिळतात. खाच असलेले वरचे दात आणि आडव्या पट्ट्या असलेल्या दाढा दिसल्या की जर्बिल नक्की.

त्यामुळे एकही पिंजरा न लावता एखाद्या भागात कोणते उंदीर आहेत, कोणत्या हंगामात कोणते वाढले, हे कळतं. आफ्रिकेत छोट्या सस्तन प्राण्यांच्या नोंदींचा मोठा हिस्सा घुबडांनीच गोळा करून दिलेला आहे, असं म्हणायला हरकत नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. जोहान्सबर्गच्या वायव्येला स्टर्कफोंटेन, स्वार्टक्रान्स अशा चुनखडीच्या गुहा आहेत. मानवाच्या पूर्वजांचे जीवाश्म जिथे सापडले त्या याच. क्रेडल ऑफ ह्युमनकाइंड या नावाने ओळखला जाणारा हा परिसर १९९९ साली जागतिक वारसा ठरला. लाखो वर्षांपूर्वीही या गुहांच्या कपारीत घुबडं बसत होती आणि खाली पेलेट टाकत होती. त्यातली उंदरांची हाडं मातीबरोबर दगड होऊन राहिली. मोठी जनावरं लांबलांबून स्थलांतर करतात, म्हणून त्यांच्या हाडांवरून जागेचं हवामान सांगणं कठीण जातं. उंदीर आपली जमीन सोडून फार दूर जात नाही. एखाद्या थरात जर्बिलांचे दात जास्त असतील तर आसपास उघडा, कोरडा गवताळ भाग होता. दलदलीतल्या उंदरांचे जास्त असतील तर पाणी जवळ होतं. आपले पूर्वज कोणत्या प्रकारच्या भूमीवर वावरले याचे पुरावे शोधताना शास्त्रज्ञ तांदळाएवढे दात सूक्ष्मदर्शकाखाली मोजत बसतात, त्यामागचं कारण हे आहे.

सवानात या उंदराचं काम तरी काय?

पहिलं काम खाद्य होण्याचं. गवत आणि बिया यांच्यातली ऊर्जा मांसाहारी प्राण्यांपर्यंत पोचवणारा मार्ग म्हणजे असे लहान प्राणी. उंदीर वाढले की गव्हाणी घुबड जास्त अंडी घालतं, एका वर्षात पुन्हा वीण करतं. उंदीर घटले की कित्येक जोड्या वीणच करत नाहीत.

दुसरं काम बियांचं. बाभळीच्या जातीची झाडं सवानात भरपूर बिया टाकतात. त्यातल्या किती रुजायच्या हे कीटक, वणवा, चरणारी जनावरं आणि उंदीर मिळून ठरवतात. जर्बिलं बिया खातात, कोवळी रोपं कुरतडतात. म्हणजे गवताळ प्रदेश मोकळा राहतो की झुडपांनी भरून जातो, यात त्यांचाही हात असतो.

तिसरं, मातीची उलथापालथ. बिळांमुळे पाणी आत मुरतं, खालची माती वर येते, आणि सोडून दिलेल्या बिळांत सरडे, विंचू, बेडूक आसरा घेतात.

मोठे प्राणी नाहीसे झाले तर उंदरांचं काय होतं?

याचं उत्तर अंदाजाने द्यावं लागत नाही, प्रयोग झालेला आहे. केनियातल्या लायकिपिया भागात म्पाला संशोधन केंद्राच्या जमिनीवर १९९५ साली कुंपणं घातली गेली. काही तुकड्यांत सगळे प्राणी येऊ शकतात. काहींत हत्ती आणि जिराफ सोडून बाकीचे, काहींत फक्त गुरं, काहींत कुणीच नाही. हा प्रयोग दशकानुदशकं चालू राहिला.

जिथे मोठे चरणारे प्राणी बंद केले तिथे उंदरांची संख्या साधारण दुप्पट झाली. कारण सरळ आहे. झेब्रे आणि हरणं जे गवत आणि बिया संपवत होते ते शिल्लक राहिलं, शिवाय लपायला दाट आडोसा मिळाला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने पुढचं पाऊल दाखवलं. उंदीर दुप्पट झाले तसे त्यांच्या अंगावरच्या, बार्टोनेला हे रोगकारक जिवाणू बाळगणाऱ्या पिसवाही दुप्पट झाल्या. एकेका उंदरात रोगाचं प्रमाण वाढलं नव्हतं, पण उंदीरच जास्त असल्यामुळे त्या जमिनीवर फिरणारा एकूण रोग वाढला.

म्पालाच्या त्या काळ्या मातीत मुख्य उंदीर जर्बिल नाही, गालात पिशव्या असलेली साकोस्टोमस नावाची जात आहे. म्हणून तिथले आकडे बुशवेल्ड जर्बिलाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण हत्ती वाचवणं हा फक्त पर्यटनाचा प्रश्न आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा प्रयोग जरूर समजून घ्यावा. हत्ती गेला की त्याच्या जागी रिकामी जमीन उरत नाही. तिथे उंदीर आणि पिसवा येतात, आणि त्या जमिनीच्या कडेला माणसं राहतात.

जर्बिलांमुळे प्लेग होतो हे खरं का?

खरं आहे, पण अर्धवट समजून घेतलं तर घबराट पसरते, म्हणून सविस्तर सांगायला हवं.

प्लेगचा जिवाणू, येर्सिनिया पेस्टिस, मुळात उंदरांचा आणि त्यांच्या पिसवांचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्याची जगभर तिसरी मोठी साथ आली. १८९४ मध्ये हाँगकाँग, १८९६ मध्ये मुंबईचं मांडवी. ही साथ मराठी घरांना वेगळी सांगायला नको. रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या त्या याच प्लेगने. हाफकिन यांनी मुंबईतच त्यावरची लस तयार केली. त्याच लाटेत जहाजांवरच्या उंदरांबरोबर रोग आफ्रिकेच्या दक्षिण किनाऱ्यालाही लागला. आजचं मापुतो म्हणजे तेव्हाचं लोरेन्सो मार्केस, आणि १९०१ साली केप टाउन.

बंदरांतला प्लेग आटोक्यात आला, पण तोवर तो आतल्या रानउंदरांपर्यंत पोचला होता. तिथे जर्बिलं त्याची मुख्य आश्रयदाती ठरली. त्यांच्या बिळांच्या वस्तीत जिवाणू पिसवांमधून फिरत राहतो, कधी भडकतो, कधी वर्षानुवर्षं दबून असतो.

जर्बिल स्वतः माणसाच्या घरात शिरत नाही. दुवा जोडतो तो बहुस्तनी उंदीर. तो रानातही राहतो आणि गावाच्या कडेला धान्याच्या कोठारातही येतो. रानात जर्बिलं मरायला लागली की त्यांच्या उपाशी पिसवा या उंदरावर चढतात, तो त्या गावात आणतो, तिथून घरातले उंदीर आणि मग माणूस. नामिबियाच्या उत्तरेला, झांबियात आणि झिंबाब्वेत विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत अशा साथी आल्या. म्हणून तिथल्या भागात एकदम खूप मेलेले उंदीर दिसले तर त्यांना हात न लावता आरोग्य खात्याला कळवायचं असतं.

जर्बिलं मारून टाकणं हा उपाय मात्र नाही. यजमान मेला की पिसवा दुसरा यजमान शोधतात, आणि तो आपण असू शकतो. आधी पिसवांचा बंदोबस्त, मग उंदरांचा, हा क्रम सोडायचा नाही. आज प्लेगवर स्ट्रेप्टोमायसिन, डॉक्सिसायक्लिन अशी साधी प्रतिजैविकं चालतात. उपचार लवकर सुरू होणं एवढंच महत्त्वाचं.

शेतीचं नुकसान करतं का?

करतं. पेरलेला मका आणि भुईमूग उकरून काढणं ही त्याची नेहमीची खोड. शेत वाळूच्या जमिनीत असेल आणि कडेला रान असेल तर जास्त.

विष घालताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. रक्त पातळ करणारी नव्या पिढीतली विषं खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. चार-पाच दिवस सुस्तपणे फिरतो आणि घुबडाला तोच सगळ्यात सोपा सापडतो. विष घुबडाच्या यकृतात साठतं. वर्षाला शेकडो उंदीर खाणारी जोडी गमावून आपण पोतंभर धान्य वाचवलं, तर पुढच्या हंगामात ते दामदुपटीने जाणार. शेतात पक्षीथांबे उभे करणं, बांधावरची जुनी ढोलीची झाडं न तोडणं हे स्वस्त आहे आणि टिकाऊही. हे आफ्रिकेतल्या शेतकऱ्याला जितकं लागू, तितकंच सोलापूर-बीडच्या शेतकऱ्यालाही.

तिकडचे लोक हे उंदीर खातात का?

हो. मलावी आणि झांबियाच्या पूर्व भागात रानउंदीर हे आवडीचं खाणं आहे. पीक निघाल्यावर, कोरड्या महिन्यांत मुलं आणि तरुण बिळं खोदून ते पकडतात. उकडून, मीठ लावून, वाळवून काडीला ओळीने लावलेले उंदीर मलावीच्या हमरस्त्यांवर विकायला असतात. चेवा भाषेत त्यांना म्बेवा म्हणतात. त्यात जर्बिलंही असतात. आपल्याकडे वडार समाजातही शेतातले उंदीर खोदून काढून खाण्याची जुनी पद्धत आहे, आणि पकडणाऱ्याला जमिनीची, बिळाच्या वळणांची जी जाण असते तिच्यापुढे पुस्तकी अभ्यास थिटा पडतो. नाक मुरडण्यासारखं यात काही नाही. प्रथिनांचा तो अस्सल आधार आहे.

ही जात धोक्यात आहे का?

नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ती सर्वात कमी चिंतेच्या गटात आहे. क्रुगर, चोबे, ह्वांगे अशा मोठ्या राष्ट्रीय उद्यानांतही ती राहते.

आपल्याकडच्या जर्बिलाशी तिचं नातं काय?

भारतीय जर्बिल, शास्त्रीय नाव टाटेरा इंडिका, महाराष्ट्राच्या पठारावर सर्रास आहे. ते बुशवेल्ड जर्बिलापेक्षा मोठं असतं, शेपटीच्या टोकाला काळा झुपका असतो. बरीच वर्षं आफ्रिकेतली ही सारी जर्बिलंही टाटेरा प्रजातीतच धरली जात. पुढे गुणसूत्रं आणि डीएनए तपासल्यावर आफ्रिकी जाती वेगळ्या काढल्या गेल्या आणि टाटेरात एकटं भारतीय जर्बिल उरलं.

राहणी मात्र फारशी वेगळी नाही. तीच उघडी जमीन, तीच रात्रीची भटकंती. प्लेगचा दुवाही इथे आहे: भारतात रानातल्या प्लेगचा प्रमुख वाहक भारतीय जर्बिलच मानलं जातं. १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठींच्या प्लेगचे रुग्ण सापडले, तेव्हा आदल्या वर्षीच्या किल्लारी भूकंपानंतर सोडलेली घरं, त्यातलं धान्य आणि वाढलेले उंदीर यांचा संबंध मांडला गेला होता.

आणि आपलं माळरान हीसुद्धा सवानाच आहे. सोलापूरजवळच्या नान्नजला, नगर-पुणे-साताऱ्याच्या कमी पावसाच्या पट्ट्यात, जिथे गवत आणि विरळ बोरी-बाभळी आहेत, ते उजाड झालेलं जंगल नव्हे. हजारो वर्षं तसंच असलेलं ते गवताळ रान आहे. सातबाऱ्यावर ‘पडीक’ लिहिलेल्या या जमिनीत जर्बिलाची बिळं असतात, त्यांच्यावर खोकड आणि घुबड जगतात. तिथे खड्डे मारून ओळीने झाडं लावली की गवत जातं आणि त्यामागोमाग हे सगळं जातं. झाडं लावणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, म्हणून तर हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

सफारीत ते बघायला मिळेल का?

दिवसा नाही. क्रुगरच्या मुक्कामी कॅम्पांतून रात्रीच्या मार्गदर्शित फेऱ्या निघतात, त्यात शक्यता बरी. केनियातल्या मसाई माराच्या राखीव क्षेत्रात रात्री फिरायला परवानगी नसते, पण लगतच्या खासगी संवर्धन क्षेत्रांत असते. तिथे दिसेल ते जर्बिल दुसऱ्या जातीचं असेल.

दिव्याच्या झोतात मोठे चमकदार डोळे वरखाली उसळत जाताना दिसले तर तो बहुधा स्प्रिंगहेअर. तो सशाएवढा, तीन किलोचा प्राणी, जर्बिलाशी त्याचा संबंध नाही. जर्बिल शोधायचं तर वाटेच्या कडेची मोकळी वाळू बघा. ठिपक्याएवढी चमक, मग जमिनीलगत एक तिरपी धाव, आणि झुडपाच्या बुडाशी गायब. वाटाड्याला आधीच सांगून ठेवा की आम्हाला उंदीरही बघायचे आहेत. बहुतेक वाटाड्यांना कुणी हे विचारत नाही, त्यामुळे त्यांना आनंदच होतो. सकाळी पायी फेरी असेल तर वर सांगितलेले वाळूचे ढीग आणि शेपटीची रेघ शोधा.

घरी पाळता येईल का?

पाळीव म्हणून विकलं जातं ते मंगोलियन जर्बिल. ती मध्य आशियातली वेगळी जात, १९३५ साली पकडलेल्या थोड्या जोड्यांपासून प्रयोगशाळांत वाढलेली. बुशवेल्ड जर्बिल रानातलं आहे. त्याला खोल वाळू, रात्रभर धावायला जागा आणि आपल्यापासून अंतर हवं असतं. शिवाय पिसवा आणि प्लेगबद्दल वर लिहिलं आहेच. रानातून पकडलेलं कोणतंही जर्बिल, आफ्रिकेतलं असो वा आपल्या शेतातलं, घरात आणू नये.